उगाचचे थांबे

कऱ्हाडपासून बंदरापर्यंत आमच्या गाड्या एकतीस ठिकाणी उगाच थांबतात, असं यंत्राचं म्हणणं होतं. मी एकतीसच्या एकतीस थांबे काढून टाकले. एका बैठकीत, चहा निवायच्या आत. आता लोक म्हणतात, कालिंदीताई, तुमचा काय दोष, यंत्रानं सांगितलं आणि तुम्ही केलं. असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. बोट माझं होतं ना?

पावशे रोडलाइन्स म्हणजे पाच दहाचाकी पिवळे ट्रक, एक पत्र्याचं शेड, शेडवर माझं घर आणि फाटकाशी एक कडुनिंब. नवरा गेला त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून हा गाडा मी हाकतेय. साखर भरायची, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरायचा, खाली बंदराला माल टाकायचा आणि येताना जांभ्याचा चिरा भरून आणायचा. आमच्या ह्यांनी हौसेनं पाचही गाड्यांना एकाच सुराचा हॉर्न बसवला होता. वाटेवरची पोरंसोरंसुद्धा तो ऐकून सांगायची, पावशेंची गाडी आली म्हणून.

पण हॉर्नवर धंदा चालत नाही. दोनशे-दोनशे गाड्यांच्या कंपन्या आमच्याआधी पाऊण तास बंदरावर पोचायच्या. त्यांच्या गाड्यांत यंत्रं होती, आमच्या गाड्यांत लिंबू-मिरची. कारखान्याचा माणूस एक दिवस तोंडावर म्हणाला, "ताई, पुढच्या हंगामात वेळ पाळता येणार नसेल तर आत्ताच सांगा." त्याच पाडव्याला मी "उस्ताद" बसवून घेतलं.

आमच्या धंद्यात जुन्या जाणत्या ड्रायव्हरला उस्ताद म्हणतात, म्हणून यंत्राला ते नाव. छोट्या मालकांसाठी पुण्याच्या चार पोरांनी मिळून ते बनवलं होतं. त्यांच्यातली गार्गी आमच्याकडं आली. सव्वीस-सत्तावीसची असेल. ग्रीसची किळस नाही, जेवायला बसली तर ताट घासून ठेवणारी. मला आवडली पोरगी.

तिनं आल्याआल्या विचारलं, "मॅडम, तुमच्याकडं सगळ्यात चांगला हात कुणाचा?"

"सर्जेराव डुबल," मी म्हटलं. विचार करायची गरजच नव्हती. साठीला टेकलेले आबा एकोणतीस वर्षं आमच्याकडं गाडी चालवत होते. ब्रेकचा पट्टा त्यांच्याकडं दीडपट टिकायचा. बोलणं मात्र मोजून मापून.

गार्गीनं आबांच्या स्टीअरिंगवर एक पातळ पट्टी गुंडाळली. कुठल्या बोटाचा दाब किती, हे ती सेकंदाला शंभरदा टिपायची. ब्रेक, क्लच, अॅक्सिलरेटर यांच्याखाली तसेच चिमुकले काटे. त्याच्या जोडीला मालाचं वजन, रस्त्याचा चढउतार, टायरची उष्णता आणि पुढचा कॅमेरा. तीन महिने आबा नेहमीसारखी गाडी चालवत राहिले आणि त्यातून त्यांच्या हातापायांचा एक ठसा तयार झाला. तो ठसा बाकीच्या चार गाड्यांत उतरवला. ड्रायव्हरनं पाय जास्त दाबला की पेडलखालची मोटर हळूच उलटा दाब द्यायची. सपाटीवर कुठं किती थांबायचं ते उस्ताद नुसतं सुचवायचं. आणि घाट उतरताना तर ड्रायव्हरनं फक्त स्टीअरिंग धरायचं. वेग, गिअर, ब्रेक, हॉर्न सगळं उस्ताद बघणार. ड्रायव्हरनं स्वतः ब्रेक दाबला तरच ताबा परत त्याच्याकडं.

आषाढात दुसऱ्या गाडीवरचा सिकंदर मुलाणी पहिली खेप करून आला आणि शेडमध्ये हसत सुटला. "वहिनी, माझ्या पायात आबा शिरलेत! आता तंबाखूची तलफ यायला लागली तर माझी बायको तुम्हाला जाब विचारंल."

"आबांचा शहाणपणा पण शिरू दे थोडा," मी म्हटलं.

"तो कुठं पेडलमधून येतोय! पण काय ओ आबा, हंड्याच्या वळणावर गाडी आपसूक थांबती. दोनदा हॉर्न मारती आणि थांबती. चांगली चाळीस सेकंद. तिथं काय, लघवीला उतरता काय तुम्ही?"

सगळे हसले. आबाही हसले. त्यांच्या चेहऱ्यावर मला त्या दिवशी भलताच आनंद दिसला. कुणी पहिल्यांदा नातू मांडीवर दिल्यावर माणूस दिसेल तसे ते दिसत होते. मला वाटलं, आपला हात पाच गाड्यांत गेला म्हणून खूश आहेत.

डिझेल आठव्या हिश्शानं कमी झालं. घाटात वीस मिनिटं वाचली. माझाही वेळ वाचला. पूर्वी सकाळी साडेसहाला गाडी सुटताना मी गॅलरीत उभी राहायचे, चहाचा कप हातात धरून. आता मोबाईलवर हिरवा ठिपका हलला की कळायचं, गाडी सुटली. तेवढ्यात माझ्या चार पोळ्या लाटून व्हायच्या.

दिवाळी झाली, गळीत हंगाम सुरू झाला आणि गार्गी दुसरा भाग घेऊन आली.

"मॅडम, अजून बारा मिनिटं वाचवता येतील. आबांच्या ठशात काही थांबे आहेत, त्यांना कारणच नाही."

"कारण नाही हे यंत्राला कसं कळतं?"

तिनं कागद ओढून रेघ मारली. "प्रत्येक कृतीच्या आधी काय घडलं ते उस्ताद बघतं. आधी समोर गाय आली आणि मग ब्रेक दाबला, तर गाय हे कारण. आधी खड्डा, मग वेग कमी, तर खड्डा हे कारण. उतार, वजन, ऊन, पाऊस, रहदारी, सगळं लावून पाहतं. शाळा, बसथांबा, फाटा, सगळं नकाशावर असतं. एवढं करूनही ज्याचा उलगडा होत नाही, त्यापुढं ते लिहितं, कारण आढळलं नाही. असे एकतीस आहेत. सगळ्यात महाग हा, हंड्याचं वळण. तिथं थांबलं की पुढची छोटी चढण दुसऱ्या गिअरात चढावी लागते. पंचवीस टन वजन पुन्हा हलवायचं म्हणजे डिझेल जातंच."

हंड्याचं वळण मला ठाऊक होतं. तिथं कातळातून झरा येतो. पूर्वी खालच्या धनगरवाड्यातल्या बाया हंडे घेऊन रांगेनं उभ्या असायच्या. पण वाड्यात नळ येऊन सहा वर्षं झाली. आता तिथं कोण येतंय, असं मी म्हटलं. हे मी मनाशी नाही, मोठ्यानं म्हटलं. गार्गीला ते अजून आठवतं.

तरी मी आबांना विचारलं. विचारलं नाही असं नाही. ते गाडीखाली झोपून ग्रीस भरत होते.

"आबा, हंड्याच्या वळणावर का थांबता?"

ग्रीसचा हात थांबला. "सवय आहे, वहिनी."

"सवयीला चाळीस सेकंद?"

"एवढं राहू द्या."

"अहो पण का? देव आहे तिथं? नवस आहे? काहीतरी सांगा म्हणजे राहू देते."

ते बाहेर आले, हात पुसले, माझ्याकडं न बघता म्हणाले, "काही नाही. राहू द्या एवढंच."

मला राग आला. एवढी वर्षं घरच्यासारखं वागवलं आणि हा माणूस मला एक साधं कारण सांगत नाही! मी मालकीण आहे का कोण आहे? त्याच आठवड्यात आबांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी पंधरा दिवस गाडी बंद सांगितली. मी काय केलं, ते लपवत नाही. ते दवाखान्यात गेल्यावर मी गार्गीला बोलावलं. समोर असते तर तोंड पाडून बसले असते, आणि ते बघून मी मागं सरले असते. मला मागं सरायचं नव्हतं.

यादी पडद्यावर आली. एकेका ओळीपुढं चौकोन. मी वाचलीसुद्धा नाही नीट. वरून खाली बोट फिरवलं, एकतीस टिचक्या.

हंड्याच्या वळणापाशी गार्गी थांबली. "इथं दोन गोष्टी आहेत. थांबा आणि हॉर्न. हॉर्नला काही खर्च नाही, तो ठेवू?"

"ठेव की," मी म्हटलं. "आंधळं वळण आहे. घाटात हॉर्न हवाच. माणसाच्या जिवापुढं मी कंजुषी करत नाही."

हे वाक्य मी म्हटलं होतं. छाती पुढं काढून म्हटलं होतं.

नऊ दिवस सगळं झकास चाललं. दहाव्या दिवशी दुपारी बाराला सिकंदरचा फोन आला. आधी नुसता श्वास ऐकू येत होता.

"वहिनी, बाई आली गाडीखाली. हंड्याच्या वळणावर."

"जिवंत आहे?"

"नाही." मग तो रडायला लागला. "मी जागा होतो वहिनी, अल्लाशप्पथ जागा होतो. हॉर्न वाजला. दोनदा वाजला. हॉर्न वाजल्यावर माणूस बाजूला होतं ना? ती बाजूला झाली नाही, वहिनी. ती पुढं आली. कातळाच्या आडनं सरळ पुढं आली. मी ब्रेकवर उभा राहिलो, पण..."

मी जीप काढून घाटाखालच्या पोलीस ठाण्यात पोचले तोवर तीन वाजले होते. सिकंदर बाकावर बसला होता. चौतीस वर्षांचा गडी, पण म्हाताऱ्यासारखा वाकलेला. मेलेल्या बाईचं नाव ठकूबाई झोरे. वय सत्तरच्या आसपास. वाड्यापासून लांब एकटी राहायची, तिच्या खोपटापर्यंत नळ पोचलाच नव्हता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हवालदार म्हणाला, "म्हातारीला दिसत नव्हतं, ऐकूही येत नसणार." पण फौजदारांनी गुन्हा सिकंदरवर दाखल केला. स्टीअरिंगवर हात त्याचा होता.

त्यानं माझा पदर धरावा तसा हात धरला. "वहिनी, एक सांगा. पावसाळाभर तिथं गाडी थांबायची ना? मग आत्ता का नाही थांबली?"

त्याला मी काय सांगितलं? "मला काय माहीत, सिकंदर."

त्यानं मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला त्यानं. घरी येईपर्यंत मला गाडीत दोनदा थांबून पाणी प्यावं लागलं.

संध्याकाळी गार्गीचा फोन आला. कंपनीनं तिला पढवून बोलायला बसवलं असावं, पण पढवलेलं तिला जमेना. "मॅडम, नोंदीत हॉर्न आहे. ते आपल्या बाजूनं आहे. बदलांची यादी पोलिसांनी मागितली तरच द्यायची, असं आमचे वकील म्हणतात. तीस दिवसांनी ती आपोआप पुसली जाते. ऐका, मी जुनी चित्रं पाहिली. आबांच्या गाडीचा कॅमेरा. त्यात ती बाई दिसतेय. खूपदा दिसतेय."

"मग यंत्राला दिसली नाही?"

"दिसली. पण गाडी थांबल्यानंतर. गाडी थांबते, मग ती रस्ता ओलांडते. उस्ताद कारण आधी शोधतं. त्याच्या हिशेबानं गाडी तिच्यासाठी थांबत नव्हती. गाडी थांबते म्हणून ती येत होती. तो परिणाम धरला त्यानं." आणि मग ती पोर ओक्साबोक्शी रडली. मी तिला गप्प केलं नाही. माझ्यात तेवढं बळ नव्हतं.

यादी पुसली जायला आता वीस दिवस उरले होते. वकील म्हणाले, तोवर गप्प बसायचं. हॉर्नची नोंद आहे, म्हातारीला दिसत नव्हतं, सिकंदरला फार तर वर्षभर, तेही कदाचित सुटेल. लायसन्स मात्र जाईल. मी विचारलं, यादी दिली तर? "तर तुम्ही आत जाल, ताई. आणि कारखाना तुम्हाला दारात उभं करणार नाही." सरळ होतं सगळं. गप्प बसायचं होतं, एवढंच काम. रोज सकाळी सिकंदरची बायको फाटकापाशी येऊन उभी राहायची. काही मागायची नाही. "जामिनाचं कळलं का काही, वहिनी?" एवढं विचारून जायची. चार दिवस मी मूग गिळून बसले.

पाचव्या दिवशी दुपारी आबा आले. दवाखान्यातून परस्पर, पोटाला पट्टा बांधलेला. त्यांना कुणीतरी फक्त एवढंच सांगितलं होतं, सिकंदरच्या गाडीखाली कुणी आलं म्हणून. कुठं, ते सांगितलं नव्हतं.

"हंड्याच्या वळणावर," मी म्हटलं. "ठकूबाई झोरे म्हणून."

आबा कडुनिंबाखाली मटकन खाली बसले. टाके होते पोटात, तरी बसले. मग त्यांनी विचारलं, "गाडी थांबली नव्हती?"

"थांबा काढला होता मी."

"आणि हॉर्न?"

"हॉर्न ठेवला होता."

त्यांनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं. "वहिनी, वहिनी... अहो, हॉर्न काढायचा होतात! तो तरी काढायचा होतात!"

मग त्यांनी सांगितलं. एकोणीस वर्षांपूर्वी ते साखर भरून घाट उतरत होते. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली होती. तेव्हा सगळेच करायचे. उतारावर इंजिन गिअरातून सोडायचं, गाडी आपल्या वजनानं घसरत जाते, थेंबभर डिझेल लागत नाही. वाचलेलं डिझेल वाटेत विकायचं. पण गिअर सुटला की सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले आणि सुटले. गाडी हंड्याच्या वळणावर कातळाला घासली, पुढच्या चढणीवर थोडी चढली आणि मागं यायला लागली. मागं दरी.

"झऱ्यावर चार-पाच बाया होत्या, त्यांत ठकूबाई. बाकीच्या ओरडत पळाल्या. ही पळाली ती गाडीकडं. हातात मावंल तो दगड घेतला आणि मागच्या चाकाखाली सारला. गाडी थांबली. दोन बोटं गेली तिची त्यात." आबांनी आपली दोन बोटं दुसऱ्या हातात धरली. "मी दवाखान्यात नेलं. म्हटलं, बाई, काय देऊ तुला? तर म्हणाली, पैसं नगंत मला. ह्या गाड्यांचं भ्या वाटतंय, पाण्याला पल्याड जाता येत नाही. तू आलास की हॉर्न देत जा आणि थांबत जा. मी हंडा घेऊन पार होईस्तोवर. एवढंच मागितलं तिनं. मी कधी चुकलो नाही."

"मला का नाही सांगितलंत? ग्रीस भरताना एवढं विचारलं मी!" मी ओरडलेच. "एक वाक्य, आबा! एका वाक्यानं बाई जगली असती."

"काय सांगू? शेठची गाडी न्यूट्रलवर घातली, डिझेल विकलं, दरीच्या तोंडाशी नेली, आणि घासली कशानं तर दुसऱ्या गाडीनं असं खोटं सांगितलं? सांगितलं असतं तर ठेवलं असतं का तुम्ही?"

"ठेवलं असतं!"

"आज म्हणताय." ते शांतपणे म्हणाले. "पण ते काहीच नाही, वहिनी. माझं पाप वेगळंच आहे. पावसाळ्यात बाकीच्या गाड्या पण तिथं थांबायला लागल्या ना, तेव्हा मला केवढा आनंद झाला. मी उतरून तिला सांगितलं, आक्का, आता माझी वाट बघत बसू नको. डोळ्यांनी दिसू दे न दिसू दे, आपला हॉर्न ओळखतीस ना? तो दोनदा वाजला की बिनधास्त पाऊल टाक. पाचही गाड्या थांबणार."

शेडमध्ये कंप्रेसर चालू होता. तो बंद करायला कुणी उठलं नाही. मला सिकंदरचं बोलणं आठवलं. ती बाजूला झाली नाही, ती पुढं आली.

मी वर गेले, यादी कागदावर काढली आणि जीपची किल्ली घेतली. "चला आबा. सिकंदरला सोडवायचं तर दोघांनी बोलावं लागेल. मी काय काढलं ते मी सांगीन. ते तिथं का होतं ते तुम्ही."

"न्यूट्रलचं पण?"

"न्यूट्रलचं पण."

ते आधार घेत उठले. मला वाटलं होतं वेळ मागतील. त्यांनी मागितला नाही.

हंड्याच्या वळणावर मी जीप बाजूला घेतली. कठड्याच्या कडेला एक चेमटलेला हंडा पडला होता. पोलिसांनी कसा काय राहू दिला कोण जाणे. आबांना उचलायची मनाई होती, म्हणून मीच तो झऱ्याखाली धरला. चेमटला तरी बुडाला भोक नव्हतं, भरला. डोक्यावर घ्यायची सवय कधीच मोडलेली, म्हणून कमरेवर घेतला. आबा रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, हात आडवा करून. वरून एक टेम्पो आला, तो थांबला. मी निघाले. एका बाजूला पाणी हिंदकळतं, पाय भिजतात, डांबर गुळगुळीत आहे, घाई करताच येत नाही. पल्याड कठड्यावर हंडा ठेवून मी मागं बघितलं तेव्हा टेम्पोवाला कंटाळून हातानं विचारत होता, झालं का? चाळीस सेकंदांत माझं होत आलं होतं, आणि मला दोन्ही डोळ्यांनी दिसतं.

ठाण्यात फौजदार साहेबांनी आधी आम्हाला वेड्यात काढलं. मग यादी बघितली आणि चष्मा लावला. आबांनी सगळं सांगितलं. गिअर, डिझेल, दगड, बोटं, हॉर्न. एकदाही अडखळले नाहीत. मी सांगितलं, थांबा मी काढला, हॉर्न मी ठेवला, सिकंदरला यातलं काही माहीत नव्हतं, त्यानं विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. पलीकडच्या खोलीत सिकंदर होता. दार उघडंच होतं. त्यानं ऐकलं. माझ्याकडं बघितलं नाही.

फौजदार म्हणाले, "एका वळणाचं कारण सांगून भागणार नाही. उद्या वकील म्हणेल, हा म्हातारा मालकिणीला वाचवायला गोष्ट रचतोय. बाकीचे तीस थांबे आहेत, त्यांची कारणं सांगता येतील यांना?"

"विचारा," आबा म्हणाले.

ते विचारत गेले. मल्हारपेठच्या पुढं, सहा सेकंद. तिथं विटांचे ट्रॅक्टर माती सांडतात, सकाळी दवानं ती निसरडी होते. पाटणच्या अलीकडं, चार मिनिटं. "तिथं काही नाही साहेब, भजी चांगली असतात." फौजदार हसले. कोयनेच्या पुलाआधी नऊ सेकंद. समोरून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, कारण पुलावरच्या सांध्याला दोन जड गाड्या एकदम नकोत, हे आबांना पंधरा वर्षांपूर्वी एका गवंड्यानं सांगितलं होतं. अशी एकेक ओळ. काहींना खरंच कारण नव्हतं. बहुतेकांना होतं, आणि त्यातलं एकही मला माहीत नव्हतं. मी खाली मान घालून ऐकत होते. असलंच यंत्र बसवून आणखी किती मालकांनी असल्या टिचक्या मारल्या असतील, हे सारखं मनात येत होतं.

"पहिली ओळ राहिली," फौजदार म्हणाले. "पावशे रोडलाइन्स, फाटक, सकाळी निघताना, अकरा सेकंद."

आबा पोटावरचा पट्टा सारखा करू लागले. "ते राहू द्या साहेब."

"राहू द्या कसं? विचारा म्हणालात ना?"

आबांनी माझ्याकडं बघितलं, मग टेबलाकडं. "शेठ गेले सकाळच्या वेळी. झोपेतच. वहिनी घरात एकट्याच होत्या, आम्ही गाड्या घेऊन गेलो तरी कुणाला कळलं नाही. तेव्हापासून गाडी काढली की फाटकात थांबायचो. वहिनी गॅलरीत दिसल्या की निघायचो. ह्या वर्षात त्या बाहेर यायच्या बंद झाल्या. मग स्वयंपाकघराच्या खिडकीत सावली हलते का ते बघायचो. हलली की निघायचो."

वर मी पोळ्या लाटत होते. मोबाईल ओट्यावर होता, हिरव्या ठिपक्याकडं डोळा होता. ठिपका फाटकात थोडा वेळ अडतो, हे मला रोज दिसायचं. मी म्हणायचे, आबा म्हातारे झाले.

फौजदारांनी लिहून घेतलं. पेन थांबवून त्यांनी विचारलं, "हा थांबाही तुम्हीच काढलात?"

"हो साहेब," मी म्हटलं. "लिहा. सगळे मीच काढले."